उकंडाची बाग

मला चुकीची गोष्ट सहन होत नाही. हा माझा स्वभाव आहे आणि त्याने माझं आजवर काडीचंही भलं झालेलं नाही. लग्नाच्या मांडवात लोक जेवणाकडे बघतात, मी झुंबराच्या वायरिंगकडे बघतो आणि मांडववाल्याशी भांडून उपाशी घरी येतो. अमरावतीच्या एका कॉलेजात पस्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, निवृत्त झालो, पण खोड काही गेली नाही. असा माणूस बुधाजी तायड्यांबद्दल लिहायला बसलाय, याचं माझं मलाच नवल वाटतं. कारण इतक्या लोकांसमोर, इतक्या सहजपणे आणि इतक्या गोड आवाजात चुकीचं सांगणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

आमची पहिली गाठ पडली त्र्याऐंशी साली, बार्शीटाकळीला, आणि तीही भांडणानेच. मी मूळचा अकोल्याचा. एम.एस्सी. करत होतो आणि चार दिवस मावशीकडे गेलो होतो. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत टुरिंग टॉकीजचा तंबू लागला होता. बाहेर पाटी होती : 'पागल डॉक्टर. इंग्रजी पिक्चर. वऱ्हाडीतून समजावून सांगितल्या जाईल.' समजावून म्हणजे कसं, हे बघायलाच मी आत गेलो.

पडद्याच्या बाजूला लाकडी खोक्यावर एक काटकुळा, सत्ताविशीचा तरुण माईक घेऊन बसला होता. तेच बुधाजी. चित्रपट काळा-पांढरा, कुठल्या सालचा कोण जाणे. डोंगरात एक दवाखाना, त्याच्या वरच्या अंगाला धरण, आणि दवाखान्यात एक बोकडदाढीवाला डॉक्टर. त्याला कधीही न थकणारा माणूस बनवायचाय. त्यासाठी काचेच्या नळ्या, फसफसणारी औषधं आणि विजेच्या ठिणग्या. आधी तो एका बेडकावर प्रयोग करतो, बेडूक मांजराएवढा होतो. मग कुत्र्यावर. मग गावच्या पोस्टमनला चहा पाजून बेशुद्ध करतो आणि त्याला टेबलावर बांधतो. पोस्टमन आठ फुटांचा होतो खरा, पण औषधाने त्याचा वरचा ओठ थेट नाकापर्यंत फाटतो आणि तोंडातून शब्द फुटेनासा होतो. डॉक्टर त्याच्याकडे बघून तोंड वाकडं करतो आणि दवाखान्यामागच्या राखेच्या ढिगावर त्याला फेकून देतो.

डॉक्टर काय ओरडतोय ते बुधाजींना मुळीच कळत नव्हतं. मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी त्या साहेबाच्या घाईपुढे कुठे पुरणार! ते चेहरा बघायचे आणि सांगायचे. "अवो माणिकबाई, नळी द्या ना लवकर! काहून उभ्या हा तशा?" माणिकबाई म्हणजे ती गोरी नर्स. तंबूतल्या बायका माणिकबाईला नावं ठेवत होत्या. भीती कुणालाच वाटत नव्हती.

मला मात्र राग येत होता. दोन पितळी गोळ्यांमध्ये हातभर अंतर, आणि त्यातून खुशाल ठिणग्या पडताहेत! शेवटी मी उठून उभा राहिलो आणि ओरडलो, "इतक्या अंतरावर ठिणगी पडायला दहा लाख व्होल्ट लागतात! अख्ख्या जिल्ह्याची लाईन जाईल!"

बुधाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे माईकवर म्हणाले, "बसा खाली, मास्तर. लाईन गेलेलीच हाये, म्हून तं डॉक्टर इतका चिडला."

तंबूभर हशा पिकला. मी खाली बसलो. मी तेव्हा मास्तर झालोही नव्हतो.

पण खरी गंमत पुढे होती. डॉक्टरने त्या पोस्टमनला राखेवर फेकलं तेव्हा बुधाजी म्हणाले, "उकिरड्यावर टाकला बिचाऱ्याले. आजपासून याचं नाव उकंडा." त्याबरोबर तंबूत सगळीकडे 'हां' असा आवाज झाला. आमच्या वऱ्हाडात ज्या घरी पोरं जगत नाहीत, त्या घरी बाळ झालं की ते क्षणभर उकिरड्यावर ठेवतात, मग उचलून घरात आणतात आणि नाव ठेवतात उकंडा. म्हणजे मरणाला वाटावं, हा कचरा आहे, आणि ते पुढे निघून जावं. असा उकंडा जगतो, अशी लोकांची खात्री. बुधाजींनी नाव घेतलं आणि सगळ्या तंबूला कळून चुकलं की हा मरणार नाही. आता डॉक्टरची बिशाद नव्हती.

आणि खरोखरच उकंडा मेला नाही. तो दवाखान्यातून पळाला, रानात लपला, आणि एकाएकी पडद्यावर संत्र्याची बाग आली. एक उंचापुरा माणूस, डोक्याला हॅट, आपल्याकडे पाठ, रोपं लावतोय. मग तो आळी करतोय. मग एक बाई त्याला पाणी आणून देते आणि एक लहान मुलगी बागेतून पळत येते. "पाहा," बुधाजी सांगत होते, "उकंडानं आपल्या बार्शीटाकळीले बाग घेतली. लगन केलं. पोट्टी झाली. ज्यानं उकिरड्यावर टाकला तो डॉक्टर अजून बेडकंच मोजून राहिला, अन् हा संत्रे मोजून राहिला."

माझ्या पुढे बसलेले एक पागोटेवाले आजोबा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "रोपं लय जवळ लावली बे त्यानं! अठरा फुटावर पाह्यजेत!"

"काका, नवा हाये तो," बुधाजी म्हणाले. "शिकन."

या बागेचं कोडं मला सुटलं ते आठ वर्षांनी. घरोघरी टीव्ही आले, टॉकीजचा मालक ओमप्रकाशशेठ याने तंबू विकला, आणि बुधाजी आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा परिचर म्हणून लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला निरखून पाहिलं आणि विचारलं, "सर, तुमीच ना ते दहा लाखवाले?" त्यानंतर पंचवीस वर्षं आम्ही एकाच प्रयोगशाळेत काढली. मी मुलांना सूत्र सांगायचो आणि बुधाजी मागून हळूच सांगायचे, "हा काटा पाहा. याले पुढं जायचं हाये, पन याचं मन लागून नाही राहिलं. थोडी लाईन वाढवा, मंग पाहा कसा पयते." मुलांना त्यांचंच लक्षात राहायचं. मला याचा राग यायचा आणि दुपारी मी त्यांच्याच डब्यातली ज्वारीची भाकर खायचो.

तर अशाच एका दुपारी त्यांनी सांगितलं. ओमप्रकाशशेठने तो चित्रपट अकोल्याला कुणाकडून तरी जुना घेतला होता. सात रिळांचा चित्रपट, डबे सहाच. शेवटचं रीळ कधीच हरवलेलं. पहिल्या गावी सहावं रीळ संपलं, पडदा पांढरा झाला आणि लोक उठून खोक्यापाशी आले. उकंडाचं काय झालं ते सांगितल्याशिवाय तंबू उभा राहू देणार नाही म्हणाले. तंबूत एक सरकारी रीळ पडून होतं, संत्रा लागवडीची माहिती देणारं, जे मुख्य चित्रपटाआधी दाखवावं लागे. दुसऱ्या दिवशी बुधाजींनी स्वतःच्या हाताने ते सहाव्या रिळाच्या शेपटाला जोडलं. बागेतल्या माणसाचं तोंड दिसत नव्हतं, हे नशीबच. मग जिथे तंबू लागेल तिथे बाग. बार्शीटाकळीला बार्शीटाकळीची, अंजनगाव सुर्जीला अंजनगावची. अंजनगावला तर दोघा भावांत ही बाग नेमकी कुणाची यावरून जुंपली होती म्हणे.

"अन् खरा शेवट काय होता?" मी विचारलं.

"काय असन?" बुधाजी म्हणाले. "असंच काही तरी चांगलं. थोडा फरक असन. तिकडं संत्रे होत नाहीत, त्यानं सफरचंद लावले असतीन."

ही झाली गंमत. आता दीपमालाचं सांगतो.

दीपमाला ही बुधाजी आणि भागीरथा वहिनींची एकुलती एक लेक. चौऱ्याऐंशीचा जन्म. जन्मतःच वरचा ओठ फाटलेला. दोन शस्त्रक्रिया झाल्या, ओठ शिवला गेला, पण त्या काळची शिलाई. नाकाखाली वण राहिला आणि ओठ एका बाजूला थोडा ओढल्यासारखा झाला. दुसरीत असताना शाळेतल्या मुलांनी तिला काय काय नावं ठेवली ते मी लिहिणार नाही. तिने दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि शाळेत जाणार नाही म्हणाली. बुधाजींनी समजूत घातली नाही. त्यांनी भिंतीवर पडद्यासारखी चादर टांगली, तिच्यापुढे बसले आणि पूर्ण चित्रपट सांगितला, बेडकापासून बागेपर्यंत. भागीरथा वहिनी सांगतात की त्या दिवशी भाकरी करपल्या, पण कुणी काही बोललं नाही.

मग ते रोजचंच झालं. पोरगी रोज विचारायची, "मंग त्यानं बाग लावली?"

"लावली."

"अन् त्याचा ओठ?"

"ओठ तसाच राह्यला. बागेले ओठ लागत नाही."

चार दिवसांनी ती शाळेत गेली. नंतर ती कुठे थांबलीच नाही. प्राणिशास्त्र घेतलं, पुण्याला जाऊन बेडकांवर पीएच.डी. केली आणि आमच्याच कॉलेजात प्राध्यापक म्हणून आली. आज विभागप्रमुख आहे. हसते तेव्हा तो वण पूर्ण ताणला जातो आणि ती तो हाताने झाकत नाही. या हसण्यामागे वडिलांचा तो चित्रपट आहे, हे आमच्या कॉलेजात सगळ्यांना माहीत आहे, कारण दर वर्षी पहिल्या तासाला ती मुलांना उकंडाची गोष्ट सांगते.

या वर्षी विज्ञान दिनाच्या बैठकीला मला निवृत्त असूनही बोलावलं होतं. विषय होता, प्रयोग आणि जबाबदारी. मी म्हणालो, मग तो चित्रपटच दाखवू या. बुधाजी पुन्हा माईकवर बसतील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फक्त दीपमाला म्हणाली, "दुसरा एखादा दाखवू ना, सर. तो कुठे मिळणार आता?"

मला वाटलं, बापाचं कौतुक स्वतःच्या तोंडाने कसं मागायचं म्हणून संकोचते आहे. 'मिळणार नाही' असं कुणी म्हटलं की मला चेव येतो. तीन आठवडे इंटरनेटवर जुन्या चित्रपटांच्या संग्रहात डोळे फोडले. बोकडदाढी, धरण, मांजराएवढा बेडूक. आणि सापडला. तोही सातच्या सात रिळांचा, अखंड. मी मोठ्या तोऱ्यात दीपमालाला फोन केला. तिने रिळं किती ते विचारून घेतलं. मग "बरं, सर," एवढंच म्हणाली.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी सकाळी मी बुधाजींना घरी बोलावलं. म्हटलं, एकदा बघून घ्या, सराव होईल. भागीरथा वहिनीही आल्या. हा चित्रपट त्यांनी तंबूत कमीत कमी तीस वेळा लावलेला पाहिला होता आणि तीसही वेळा पाचव्या रिळाला त्यांना झोप लागली होती. या वेळीही लागली.

बुधाजी टीव्हीसमोर ताठ बसले. एकोणसत्तरावं वर्ष, केस गेलेले, पण माणिकबाई दिसल्या तशी कळी खुलली. सहावं रीळ संपलं. मी म्हणालो, "आता पुढचं तुम्हीही पाहिलेलं नाही आणि मीही. तुमच्यासोबत बघायचं म्हणून राखून ठेवलं."

सातवं रीळ सुरू झालं. डॉक्टर गावकरी आणि कुत्री घेऊन रानात येतो. उकंडाला हाकत हाकत धरणाच्या भिंतीखाली नेतात. उकंडा हात जोडतो, काहीतरी बोलायचा प्रयत्न करतो, फाटक्या ओठातून नुसती हवा येते. डॉक्टर वर जाऊन धरणाचं दार उघडतो. पाणी येतं. उकंडा बुडतो, वर येतो, परत बुडतो. शेवटी डॉक्टर प्रयोगशाळेत परततो, हात पुसतो आणि काचेच्या बरणीत नवा बेडूक सोडतो. समाप्त.

बुधाजींनी टीव्हीकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "सर, हे मांगून कोनी तरी जोडलं असन."

"बुधाजी," मी म्हणालो, "जोडलेलं तुमचं होतं."

त्यांचा चेहरा इतका उतरला की माझी मलाच लाज वाटली. पण जीभ आवरेल तर तो मी कसला! ते म्हणाले, "मंग सहाव्यालेच बंद करू. लाईन गेली म्हनू." मी म्हणालो, विज्ञान दिनाला तीनशे मुलांसमोर अर्धवट गोष्ट? मी नाही करणार. तेव्हा बुधाजी उभे राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्यावर आवाज चढवून बोलले.

"पोट्टी माही त्या बागेवर उभी हाये, सर! सात वर्षाची होती तवापासून. तिले आता पडद्यावर दाखवू, का त्याले बुडवून मारला? फाटक्या ओठाच्याले कोनी जगू देलं नाही? अन् हे मीच सांगू, माईकवरून?"

आवाजाने वहिनी जाग्या झाल्या. "काय झालं? काहून भांडून राहिले? मेला का तो डॉक्टर?" त्यांनी विचारलं. बुधाजी चप्पल घालून निघून गेले.

दोन दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. चुकीची गोष्ट मला सहन होत नाही, हे खरं. पण आता चूक कोणती तेच मला ठरवता येईना. अठ्ठावीस फेब्रुवारीला सकाळी मी कॉलेजच्या फाटकापाशी बुधाजींना गाठलं. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, केसच नसलेल्या डोक्याला तेल. मी म्हणालो, "तुम्ही म्हणता तसं. सहाव्यानंतर मी बंद करतो. लाईन गेली म्हणेन. माझ्या तोंडून लोकांना खरंही वाटेल."

बुधाजींनी मान हलवली. "नको, सर. दोन दिवस इचार केला. पोट्टी एक्केचाळीसची झाली. मुलांले शिकवते, का पूर्न पाहा मंग बोला. अन् तिच्यापासून मी लपवू? पाहू द्या. जे हाये ते हाये." मग म्हणाले, "फक्त तिच्याकडं पाहता नाही येनार माह्याच्यानं. तुमी पाहजा."

सभागृहाला काळे पडदे लावले होते. बाहेर टळटळीत दुपार आणि आत तंबूतल्यासारखा अंधार. पहिल्या रांगेत दीपमाला आणि वहिनी. मी लॅपटॉपपाशी. बुधाजींनी खुर्ची नाकारली, लाकडी खोकंच मागवलं आणि माईक हातात घेतला.

आणि काय सांगू! आवाजाला तीस-पस्तीस वर्षांचा गंज नव्हता. "अवो माणिकबाई, नळी द्या ना लवकर!" म्हणाले आणि तीनशे पोरं पोट धरून हसली. ठिणग्या पडल्या तेव्हा बुधाजींनी खास माझं नाव घेऊन सांगितलं, "इथं शेखर सरायले राग येते." उकंडाचं नाव ठेवलं तेव्हा शहरातल्या बऱ्याच मुलांना ते कळलं नाही, पण मागे बसलेले खेड्यांकडचे शिपाई आणि कारकून 'हां' म्हणाले. पाचव्या रिळाला वहिनींनी स्वतःला चिमटा काढला. त्या जाग्या राहिल्या.

सहावं रीळ संपलं. बुधाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बंद केलं नाही.

"आता लोकं आले," बुधाजी म्हणाले. आवाज खाली गेला होता. "कुत्रे घेऊन आले. उकंडा हात जोडून राहिला. तो म्हनते..." ते थांबले. पडद्यावर उकंडाचे ओठ हलत होते. "तो म्हनते..." त्यांच्याच्याने पुढे बोलवलं नाही. माईक गुडघ्यावर ठेवून ते खाली बघत बसले. पाणी आलं, उकंडा बुडाला, डॉक्टरने नवा बेडूक बरणीत सोडला. सगळं मुक्याने झालं. सांगितल्याप्रमाणे मी दीपमालाकडे पाहत होतो. तिची नजर पडद्यावर नव्हतीच. ती बापाकडे पाहत होती.

चित्रपट संपला आणि पडदा पांढरा झाला. दिवे लावायला कुणीतरी उठलं. दीपमाला म्हणाली, "दिवे नको." ती मंचावर गेली आणि खोक्याच्या शेजारी जमिनीवरच बसली. माईक बुधाजींच्या गुडघ्यावर चालूच होता, म्हणून पुढचं सगळं सगळ्यांना ऐकू आलं.

"बाबा, मी हा शेवट पाहिला हाये. पुण्याले असताना. तिथं एका क्लबात दाखवला होता."

बुधाजींनी मान वर केली. "कवा?"

"पंधरा वर्षं झाले."

"अन् बोलली नाही?"

"तुमाले वाईट वाटलं असतं ना. तुमाले तं वाटत होतं, त्यानं सफरचंद लावले."

मुलांमधून कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. दीपमाला म्हणाली, "त्या दिवशी लय रडली मी, बाबा. मंग रूमवर आली अन् ठरवलं. मी दोन्ही शेवट पाहिले. जगायले तुमचा धरला." तिने माईक उचलून त्यांच्या हातात दिला. "आता आठवं रील सांगा. ते राहिलं."

"पडद्यावर तं काहीच नाही, बाई."

"पांढरा हाये. पुरे हाये."

तेव्हा मला कळलं की ती त्या बैठकीत का नको म्हणत होती. बाप लेकीसाठी शेवट लपवत होता, लेक बापासाठी लपवत होती, आणि मध्ये मी शहाणा तीन आठवडे डोळे फोडून तो शोधत होतो.

बुधाजींनी बाहीने डोळे पुसले. माईकवर एकदा फुंकर मारली. आणि कोऱ्या पडद्याकडे बोट दाखवलं.

"हे पाहा. लोकायले वाटलं, मेला. पन नाव काय हाये त्याचं?"

"उकंडा!" मागचे शिपाई ओरडले.

"मंग? धरनाचं पानी वाहात वाहात आलं कुठं, तं आपल्या वडाळीच्या तलावात. तिथं उकंडा निघाला बाहेर. कपडे पिळले. ऑटोले हात दाखवला. ऑटोवाला म्हने, भाऊ, मांगं बसा, पुढं तुमचे पाय नाही मावनार."

आता तीनशे मुलं पांढऱ्या पडद्याकडे बघत होती आणि हसत होती. उकंडा ऑटोतून पंचवटी चौकातून गेला, मोर्शी रोडला लागला, तिथे त्याने जमीन घेतली, रोपं लावली. एक बाई त्याला पाणी घेऊन आली. "थे बाई पिक्चर पाहताना झोपते, पन मनाची चांगली हाये," बुधाजी म्हणाले. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

"मंग त्याले एक पोट्टी झाली," बुधाजी म्हणाले, आणि आवाज पुन्हा खाली गेला, पण या वेळी ते थांबले नाहीत. "लय हुशार. शिकली. पुण्याले जाऊन डॉक्टर झाली, बेडकायचीच. पन या डॉक्टरले बेडूक भेटला ना, का हे त्याची बरनी उघडते अन् त्याले पान्यात सोडून देते."

दीपमाला हसत होती आणि रडत होती, आणि तो वण पूर्ण ताणला गेला होता. तिने तो झाकला नाही.

सभागृहात कुणी टाळी वाजवेना. सगळे तसेच बसून होते. मला ते सहन होईना. अशा वेळी काय करायचं असतं हे मला कधीच कळलेलं नाही. मी उठून उभा राहिलो, पडद्यावरच्या त्या पांढऱ्या बागेकडे बोट दाखवलं आणि जितका आवाज निघेल तितक्याने ओरडलो,

"रोपं लय जवळ लावली बे त्यानं!"

बुधाजींनी माईक तोंडाशी नेला.

"बसा खाली, मास्तर," ते म्हणाले. "या वेळी अठरा फुटावरच हायेत. मी मोजले."